शेरा कोरा ठेवू नये

तीर्थरूप भावोजींना, चपला दाराबाहेर काढून आणि पाय नीट पुसून केलेला नमस्कार.

तुमचा गुडघा कसा आहे? जिना उतरताना त्यातून आवाज येतो असं ताई फोनवर म्हणाली. आवाज येतोय तोवर काळजी नको, तो बंद झाला की दाखवून घ्या (हे मला आमच्या हाडांच्या वॉर्डातल्या मावशींनी सांगितलंय, डॉक्टरांनी नव्हे, म्हणजे खात्रीचं आहे). ताईचं ब्लडप्रेशर गोळीनं आटोक्यात असेल. तिची फरशी आरशासारखी असेलच, निदान तुमच्या म्हणण्याप्रमाणे. आमच्याकडे सगळं ठीक आहे असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहितो. खरं सांगायचं तर गेले तीन आठवडे माझ्या तळपायाची आग मस्तकात गेलेली आहे आणि तिथून उतरायचं नाव घेत नाही.

विषय जुन्या घराच्या डिपॉझिटचा. आम्ही मागच्या महिन्यात घर बदललं हे तुम्हाला ठाऊक आहे. सहा वर्षांपूर्वी त्या घरात पाऊल टाकलं तेव्हा न्हाणीघराच्या खिडकीत कबुतराचं घरटं होतं, अंड्यांसकट. ओट्यामागच्या भिंतीवर आधीच्या बिऱ्हाडाच्या फोडण्यांचा इतका जाड थर होता की सुरीनं खरवडावा लागला. घरमालक हसून म्हणाले होते, जसं आहे तसं घ्या, आपलंच घर समजा. माणूस मऊ आवाजाचा, बोलायला गोड, सणसणीत भाडं घेतानासुद्धा 'तुमच्या सवडीनं' म्हणणारा. मी आपलं खरोखरच आपलं घर समजलो. चार दिवस सुट्टी टाकून, माझ्या पैशाच्या फिनेलनं ते घर माणसात आणलं. आणि त्याच माणसानं, घर सोडताना, डिपॉझिटमधून 'साफसफाई खर्च' म्हणून जवळजवळ अर्धी रक्कम कापून घेतली. माझ्याकडून, भावोजी. बावीस वर्षं इस्पितळात सफाई मुकादम असलेल्या माणसाकडून. ज्याच्या वॉर्डात सर्जनसुद्धा बूट पुसून येतात, त्याच्याकडून साफसफाईचे पैसे.

आता तुम्ही म्हणाल, काहीतरी घाण राहिली असेल. राहिलीच नव्हती. सामान गेल्यावर मी आणि ही दोन दिवस रिकाम्या घरात राबलो. आधी छत, मग भिंती, मग खिडक्या, शेवटी फरशी, दरवाज्याकडे पाठ करून मागे मागे येत बाहेर. पंख्याची पाती सुटी करून धुतली. दरवाज्यांच्या वरच्या कडा पुसल्या, ज्या घर बांधणाऱ्यानंतर कुणी पाहिलेल्याही नसतात. ही म्हणाली, एवढं लग्नाच्या हॉलसाठीही कुणी करत नाही. मी म्हटलं, आपलं नाव आहे. शिवाय तिच्या डोळ्यांसमोर वॉशिंग मशीन होतं. डिपॉझिट परत आलं की ते घ्यायचं हे सहा वर्षांपासून ठरलेलं, आणि सहा वर्षं तिनं माझे इस्पितळाचे कपडे हातानं धुतले आहेत. तिचे हात कसे झालेत ते ताईनं पाहिलंय.

चावी दिली आणि आठ दिवसांनी वजावटीचा कागद आला. एकूण अकरा बाबी. वाचता वाचता मला घाम फुटला. 'न्हाणीघर, टाइलांच्या फटी किंचित काळपट.' 'बैठकीची खोली, खिडकीच्या रुळात धूळ असण्याची शक्यता.' म्हणजे भावोजी, असलेल्या धुळीचे नव्हेत, असण्याच्या शक्यतेचे पैसे. 'पूर्वेकडील काच, सकाळी सातच्या उन्हात एक बोटाचा ठसा.' एका ठशासाठी त्यानं जे लावलंय त्यात आमच्याकडे आख्खी ओपीडी पुसून होते. मी खोलीभर येरझारा घालत तो कागद मोठ्यानं वाचत होतो. घरमालकाला, त्याच्या मऊ आवाजाला, त्याच्या सवडीला जे जे म्हणायचं ते म्हणून घेत होतो (शेजारच्यांनी खिडकी लावून घेतली). ही भांडी पुसत ऐकत होती. शेवटी ती म्हणाली, "हे तुमचंच अक्षर वाचल्यासारखं वाटतंय."

आणि भावोजी, ते माझंच होतं.

इथे मला माझ्या कामाची एक पद्धत सांगावी लागेल. आमच्या इस्पितळात प्रत्येक खोलीच्या दारावर एक छापील तक्ता असतो. तारीख, वेळ, काय साफ केलं, कुणी केलं, सही, आणि शेवटी शेऱ्याचा रकाना. लोक त्यात 'सर्व ठीक' लिहून मोकळे होतात. माझ्या हाताखाली ते चालत नाही. माझा नियम असा की शेरा कोरा ठेवायचा नाही आणि 'सर्व ठीक' लिहायचं नाही. कितीही साफ केलं तरी काहीतरी राहतंच, ते शोधायचं आणि लिहायचं. ज्याला एकही उणीव दिसली नाही त्यानं खोली पाहिलीच नाही. एकदा एका गड्यानं 'सर्व ठीक' लिहिलं म्हणून मी त्याच्याकडून आख्खा वॉर्ड पुन्हा पुसून घेतला होता. या नियमावर आमच्या मेट्रनबाई इतक्या खूश आहेत की नव्या भरतीला शिकवायचं काम त्यांनी या वर्षी माझ्याकडे दिलंय. मुकादमाला शिकवणीचं काम आमच्या इस्पितळात आजवर कधी मिळालेलं नाही.

तर जुनं घर सोडताना मी सवयीनं पाचही दारांवर तक्ते लावले. इस्पितळाचेच, कपाटात चार-दोन पडलेले असतात. सह्या केल्या. आणि शेरे लिहिले. खरं सांगतो, ते शेरे शोधायला मला साफसफाईपेक्षा जास्त वेळ लागला. न्हाणीघराच्या फटी मी टॉर्च लावून पाहिल्या तेव्हा कुठे 'किंचित काळपट' लिहिण्याइतका मजकूर मिळाला. त्या ठशासाठी दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता पुन्हा गेलो होतो. घरमालकानं काय केलं, तर पाच तक्ते शांतपणे काढून घेतले, अकरा शेरे एकाखाली एक उतरवले आणि प्रत्येकापुढे आकडा घातला. त्या माणसानं स्वतः त्या घरात वाकूनसुद्धा पाहिलं नसणार. माझ्याच हातानं मी माझ्या पायावर धोंडा मारून घेतला आणि वर धोंड्यावर सही केली.

मी भाडे तक्रार कक्षात गेलो. तुम्हाला न विचारता गेलो याची माफी असावी, पण तुम्ही 'जाऊ दे' म्हणाला असता आणि मला जाऊ द्यायचं नव्हतं. तिथले अधिकारी चष्मा कपाळावर ठेवून वाचणारे आहेत. वाचतात की नाही ते कळत नाही. घरमालक स्वच्छ पांढऱ्या शर्टात आले होते, हातात माझे पाच तक्ते. तक्त्यावर इस्पितळाचं नाव पाहून अधिकाऱ्यांनी इस्पितळालाही कळवलं होतं, की तुमचा छापील कागद एका खासगी न्हाणीघरात कसा. त्यामुळे मेट्रनबाई जातीनं हजर. माझ्या शेजारी ही. म्हणजे ज्यांच्यासमोर माझी मान खाली जाऊ नये असे जगातले दोन्ही जण एकाच बाकावर.

मी माझी बाजू मांडली. किंचित म्हणजे किंचितच, साहेब. हे शेरे घाणीचे नाहीत, नजरेचे आहेत. कुठल्याही घरात असे अकरा निघतील, तुमच्या या टेबलाखाली आत्ता चौदा निघतील (हे बोलायला नको होतं). अधिकारी म्हणाले की नजरेला त्यांच्या फॉर्मात जागा नाही. मग त्यांनी चष्मा पहिल्यांदा डोळ्यांवर घेतला आणि विचारलं, "हे शेरे तुमचे. खरे की खोटे, एवढंच सांगा."

घरमालक छताकडे बघत होते. बायको माझ्याकडे बघत होती. खोटे, नुसते रिवाजापुरते लिहिले, एवढं म्हटलं असतं की मशीन घरी. पण मेट्रनबाईंच्या मांडीवर नव्या भरतीच्या शिकवणीची वही होती. ज्या गड्याकडून मी वॉर्ड पुन्हा पुसून घेतला तो मला आठवला. रिवाजापुरते शेरे लिहायचे असते तर त्यानंही लिहिलेच होते की.

"खरे," मी म्हणालो.

निकाल दोन मिनिटांत. भाडेकरूनं स्वतःच्या सहीनं मान्य केलेल्या उणिवा, सबब वजावट योग्य. फक्त धूळ असण्याची शक्यता तेवढी त्यांनी खोडली. शक्यतेचे पैसे परत मिळाले. त्यात वॉशिंग मशीनचा पाइप येईल. बाहेर मेट्रनबाई म्हणाल्या की सोमवारी वर्ग सुरू, तुमचा नियम पहिल्या पानावर घेतलाय. घरमालक जाता जाता म्हणाले, आपलंच घर आहे, येत जा. आणि ही बसस्टॉपपर्यंत माझ्या दहा पावलं पुढे चालली. घरी येऊन तिनं बादलीत माझे कपडे भिजवले. माझी चूक काय, तर मी खरं लिहिलं आणि खरं बोललो, आणि त्याचा दंड माझ्या बायकोच्या हातांना. याचा मला किती संताप येतोय ते कागदावर उतरत नाही.

नव्या घरात मात्र मी शहाणा झालोय. वजावटीचा कागद आला त्याच रात्री इथल्या सगळ्या दारांवर तक्ते लावून, आधीच्या बिऱ्हाडानं काय काय सोडलंय ते लिहून काढलं. उद्या हे घर सोडताना कुणी माझ्या नावावर घालायला नको. एकूण एक्केचाळीस शेरे निघाले. नक्कल नव्या घरमालकांना दिली. त्यांना फार आवडली. इतकं बारकाईनं कुणी करून देत नाही, मला फार उपयोग होईल, असं म्हणून त्यांनी माझा हात हातात घेतला. जगात अशीही माणसं आहेत हे पाहून बरं वाटलं.

तर तुम्हाला विनंती एवढीच, की तुम्ही आयुष्यभर तक्रारअर्ज लिहिण्यात घालवलंय, तेव्हा जुन्या घरमालकाबद्दल वर्तमानपत्रात छापण्याजोगा एक झणझणीत मजकूर लिहून पाठवा. भाषा कडक असावी. खरं तेवढंच लिहा, पण खरं तेवढं सगळं लिहा.

ताईला नमस्कार. गुडघ्याला जपा.

तुमचा आज्ञाधारक,
मुकादम मेहुणा

ता. क. पत्र पाकिटात घालून ठेवलं होतं, पण आज सकाळी दाराची बेल वाजली. बाहेर एक चित्रकलेच्या शिक्षिका. आमच्या आधी या घरात त्याच राहत होत्या. एका हातात वजावटीचा कागद, एकूण एक्केचाळीस बाबी, आणि दुसऱ्या हातात बादली, फडकं आणि टर्पेंटाइन. माझ्या शेऱ्यांमध्ये 'बैठकीची खोली, फरशीवर निळ्या रंगाचे सात ठिपके, पैकी दोन फिकट' असं आहे. त्या परवानगी विचारून आत आल्या, गुडघ्यावर बसल्या आणि ते सात ठिपके पुसायला लागल्या, म्हणजे निदान तेवढे पैसे परत मिळावेत. मी उभाच. पुसता पुसता त्यांनी वर न बघता विचारलं, "तुम्ही मला ओळखतसुद्धा नव्हतात, मग इतकं बारकाईनं का लिहिलंत?" भावोजी, मी वाकून त्यांची बादली उचलली आणि पाणी बदलून आणलं. हिनं त्यांना उठवलं, चहा केला, आणि म्हणाली की उरलेले पाच ठिपके राहू द्या, मला ते आवडतात. मग माझ्याकडे पाहिलं. निकालानंतर पहिल्यांदाच पाहिलं.

ता. क. दुसरा. वर्तमानपत्राचा मजकूर राहू द्या. बाईंनी तक्रार केलीय, येत्या गुरुवारी त्याच कक्षात सुनावणी आहे, चष्मा तोच. तक्ते इस्पितळाचेच असल्यामुळे मेट्रनबाईही आहेत. अधिकारी मला विचारणार, हे शेरे तुमचे, खरे की खोटे, आणि मला मान ताठ ठेवून 'खोटे, नुसते रिवाजापुरते' म्हणायचं आहे. शिकवणीचं काम जाईल, ते मी हिला सांगितलंय. काल रात्रीपासून आरशासमोर उभा राहून म्हणून पाहतोय, पण दर वेळी तोंडातून 'खरे'च निघतं. भावोजी, ताई फरशी पुसताना चारही कोपरे सोडते. तीस वर्षं सोडते आहे, मला तुमच्या घरात पाऊल टाकल्याबरोबर दिसतात. आणि तीस वर्षं तुम्ही त्या कोपऱ्यांकडे बघत, डोळ्याची पापणी न हलवता, 'आरसा झालाय आरसा' म्हणता. ते कसं करायचं, ते बुधवारच्या आत कृपा करून कळवा.