आईची देखभाल आणि पार्किंगची ड्यूटी

३ मार्च, पहाटे.
आजपासून शिस्त. दिवसा कान थो शहराच्या बाजारातल्या स्कूटर-पार्किंगची ड्यूटी, सकाळ-संध्याकाळ आईची देखभाल. आई अठ्ठ्याऐंशीची, मी अडुसष्टचा. दालात गावाहून बहीण लोआनचा फोन. म्हणे, दादा, दोन्ही झेपत नसेल तर एकाला मी घेऊन जाते. आईचं नाव घ्यायची हिंमत नाही, म्हणून ‘एकाला’. मी सुनावलं, मुलगा जिवंत आहे अजून.

४ मार्च.
आईने पाचला उठवलं, पेज दिली, माझी कवळी शोधून दिली. या वयात झोप येत नाही आणि दुसऱ्याला छळतात. तिच्यापायी उशीर झाला. मालक ताम, कालचं पोर, विचारतो, तोआनकाका, घड्याळ बघून येता की कॅलेंडर?

६ मार्च.
आईला एकटं ठेवणं धोक्याचं. कामावरच नेली, स्टुलावर बसवली. काम सोपं. सीटवर खडूने नंबर, तोच चिठ्ठीवर. चौथी शिकलेल्याला पुष्कळ. आई म्हणाली, सत्तेचाळीस मघाशीच झाला की रे. स्मरणशक्ती गेली आहे तिची. दुर्लक्ष केलं.

६ मार्च, संध्याकाळ.
सत्तेचाळीसच्या तीन चिठ्ठ्या निघाल्या. आई मध्ये बोलली म्हणून. तिघं भांडत होती. आईने मासळीवालीला लाल स्कूटर दाखवली, शिंप्याला फुटक्या आरशाची, मास्तरला उरलेली. अंदाज लागला, एवढंच. लोकांना काय, कशाचंही कौतुक.

९ मार्च.
एक स्कूटर भलत्याच्या हाती गेली. घरात म्हातारं माणूस असलं की लक्ष उडतं, हे तामला समजावलं. तो म्हणाला, काका, तुम्ही आता विश्रांती घ्या. चला, कोणालातरी माझी कदर आहे. आईला मात्र ठेवून घेतलं. तात्पुरतं असणार.

११ मार्च.
दिवसभर घरी. भात करपला. आईला यायला सहा वाजले. घराकडे लक्षच नाही हिचं. मन घट्ट केलं, हिला दालातला पाठवायचं. तेवढ्यात तीच लोआनला फोनवर सांगत होती, नाही झेपत गं, घेऊन जा. बिचारी समजूतदार आहे.

१३ मार्च, सकाळ.
लोआन आली. आईची पिशवी मीच भरून ठेवली होती. लोआनने पिशवीतून तिचे कपडे बाहेर काढले आणि माझे भरले. अगं, चुकतेयस, म्हटलं. आई चपला घालत म्हणाली, नोकरी आणि हा, दोन्ही नाही होत माझ्याच्याने.

बसमधून लिहितो आहे. आई स्टँडवर आली नाही. तिची ड्यूटी होती.