कोतवालाची शीळ

अहो,

सवयीने ‘अहो’च लिहिलं गेलं. ‘प्रिय’ मात्र लिहिणार नाही.

या नव्या घराच्या खिडकीतून विजेच्या तारेवर बसणारा एक कोतवाल दिसतो. काळा, दुभंगलेल्या शेपटीचा पक्षी, भारी नकलाकार. शिकरा या शिकारी पक्ष्यासारखा ओरडून साळुंक्यांना उडवून लावतो आणि त्यांनी उकरलेले किडे स्वतः खातो. खालच्या मांजराचीही नक्कल करतो. ते बघताना मी कित्येक महिन्यांनी हसले.

आज सकाळी त्याने तुमची शीळ घातली. दोन लांब, एक तुटकी. ती ऐकली की हातातलं काम टाकून मी फाटकापाशी पळायचे. उशीर झाला की काय व्हायचं, ते तुम्हाला ठाऊक आहे.

माझ्या हातून कपबशी पडली. हा पत्ता मी आईलाही दिलेला नाही. आणि पक्षी जे ऐकतो तेच शिकतो, तेही पुन्हा पुन्हा ऐकून.

कडी लावून हे लिहितेय. पाठवायला नाही.

आत्ता पुन्हा शीळ आली. कोतवाल समोरच तारेवर बसलाय, चोचीत किडा घट्ट धरून.

आता तुमची नसलेली,
मी