आमच्या अंगणात अर्थिंग नाही

४ जानेवारी, रविवार

कालच्या पानात चूक आहे. मी लिहिलं, "आप्पा घरासाठी इलेक्ट्रिक गाडी घेतायत." आप्पा असं म्हणाले नाहीत. जेवताना ते एवढंच म्हणाले, "गाडी बघून आलो. बॅटरीवाली." "घरासाठी" हे माझं. शाळेत जायच्या आधी आत्यानं मला ओट्यावर बसवून अक्षरं गिरवायला लावली, तेव्हाच तिनं सांगितलं होतं: ऐकलं तेवढंच लिहावं, मनातलं लिहायचं तर वेगळ्या ओळीत.

तर वेगळ्या ओळीत: घरासाठी नसेल तर कुणासाठी?

माझं लग्न ठरून तीन आठवडे झाले. बैठकीत मी सगळ्यांसमोर बोलले होते, देणंघेणं झालं तर मी बोहल्यावर उभी राहणार नाही. वि. (विक्रांत, पूर्ण नाव लिहायला अजून संकोच वाटतो) लगेच म्हणाला, "मलाही नकोय." त्याची आई म्हणाली, "आम्हाला नारळ आन् मुलगी." सगळे हसले, आप्पासुद्धा. त्या हसण्यावर मी होकार दिला.

७ जानेवारी

आप्पांनी गाडीचं माहितीपत्रक आणलं. सगळं इंग्रजीत. "वाचून दाखीव." मी पतसंस्थेतल्या कामावरून आल्या आल्या वाचायला बसले.

बॅटरी दोन प्रकारची, पंचेचाळीस युनिटची आणि एकोणसाठची. आप्पांनी लगेच हिशेब घातला, "एकोणसाठ म्हंजी आपल्या साडेसात एचपीच्या मोटरीला धा तास." त्यांना किलोमीटरपेक्षा हे जास्त कळलं. सगळ्यात वरच्या मॉडेलात पुढच्या सीटमधून गार हवा येते. आत्या म्हणाली, "बुडाला गारवा पायजे व्हय रे आता तुला?" आप्पा लाजले. पुढे एक सोय अशी की गाडीतूनच बाहेर वीज घेता येते. आत्या: "मंग कडबाकुट्टी लावा तिला! लाइट गेली तरी म्हशी उपाशी न्हाई राहायच्या." आप्पांना हे इतकं पटलं की तेवढी ओळ त्यांनी दोनदा वाचायला लावली.

बरं वाटलं. म्हशींचा विचार चाललाय म्हणजे गाडी आपल्याच दारात.

११ जानेवारी, रविवार

चालवून बघायला गेलो, हायवेच्या शोरूमला. आप्पा, आई, मी. तिथली मुलगी हुशार होती, आप्पांना एकदाही "सर" म्हणाली नाही, "मामा" म्हणाली.

आप्पांनी चालवली. आवाज नाही म्हणून घाबरले. "चालू हाय का बंद, कळंना." एक्सिलरेटर सोडला की गाडी आपोआप हळू होते, त्यानं आईचं डोकं दोनदा पुढच्या सीटला आपटलं.

मग आप्पांनी विचारलं, "एका चार्जिंगात किती?"

"कंपनी सहाशे सांगते, मामा. तुम्ही साडेचारशे धरा."

"रोजचं सव्वाशे पडलं तर?"

"तिसऱ्या-चौथ्या दिवशी लावायची."

रोजचं सव्वाशे कोण जातं? आप्पांचा मार्केटला शिरूरपर्यंतचा रस्ता जाऊन-येऊन पंचवीस. फुलं तर पिकअपमध्ये जातात. ओळखीत एकच माणूस एवढा प्रवास करतो. वि. Daund ते सणसवाडी, कंपनीच्या बसनं.

मग जास्तीच्या सोयी. सनरूफ: "नको, धूळ." चारी बाजूंचे कॅमेरे: "असूंद्या." बटणावर पुढेमागे होणारी ड्रायव्हर सीट, कंबरेला आधार असलेली, गार हवेसकट, पंचेचाळीस हजार जादा: "घ्या." घरी भिंतीवर बसवायचा चार्जर: "घ्या." बाहेर वीज देण्याची सोय, वेगळे पैसे: "ते नको."

बुधवारी जी ओळ दोनदा ऐकली तीच नको. आणि आप्पांची कंबर आयुष्यात दुखलेली नाही.

१३ जानेवारी

चार्जर सव्वासात किलोवॅटचा. आपल्या घराचं मीटर तेवढा लोड घेणार नाही, वाढवून घ्यावा लागेल. वेगळं अर्थिंगही लागतं. हे सगळं शोरूममधल्या मुलीनं सांगितलं तेव्हा आप्पा तिथेच होते.

आज विचारलं, "चार्जर कुठं बसवायचा? गोठ्याच्या भिंतीला का ओट्यावर?"

"बघू."

"लोडचा अर्ज दिला?"

"व्हईल."

हे तेच आप्पा, ज्यांनी पिकअप यायच्या महिनाभर आधी शेड बांधून त्यात उभं राहून बघितलं होतं.

आई लसूण सोलत होती. वर न बघता म्हणाली, "तू उगा उकरीत बसू नको." म्हणजे उकरण्यासारखं काहीतरी आहे.

१४ जानेवारी

वि.ला मेसेज केला, तिळगूळ घ्या. त्याचं उत्तर आलं: "गोड मी बोलतोच, तुझं बघ." हसले. मग हसल्याचाच राग आला.

१८ जानेवारी, रविवार

घर बघायला दौंडला. पूर्वी मुलीला नेत नसत. त्यांनी निरोप दिला, मुलीलाही आणा, आता काळ बदलला. चांगलं वाटलं.

वि. मात्र कामावर. त्याची सुट्टी गुरुवारी असते, एमआयडीसीत सगळ्यांची तशीच. माझी आई म्हणालेली, गुरुवारी येतो. त्याची आईच म्हणाली, "नको, रविवारीच या."

घर नीटनेटकं. गेटच्या आत नवा पत्रा टाकलाय, खाली नवी फरशी. एवढ्या जागेत मोटारसायकल एकटीच कोपऱ्यात उभी. भिंतीलगत ताजा बुजवलेला खड्डा, माती ओली. कडेला कोळशाचा चुरा आणि खडेमिठाचं अर्धं पोतं. मातीतून एक लोखंडी पट्टी वर आलेली.

विहिरीवर मोटरीला हात लावला की मुंग्या यायला लागल्या, तर आप्पा अर्थिंगला मीठ-पाणी घालतात. ती बादली मी लहानपणापासून धरलीय. कोळसा, मीठ, पट्टी: हे चार्जरचं अर्थिंग. मला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती.

तरी विचारलं, "काकू, हे काय काढलंय?"

"काही न्हाई गं, नळाचं काम. चल, चहा गार व्हतोय."

नळाला मीठ लागत नाही. मी आईकडे बघितलं. आईनं कपाकडे बघितलं.

१९ जानेवारी

वि.ला फोन.

"तुमच्या दारात खड्डा कसला काढलाय?"

"खड्डा? आईनं झाडबिड लावलं असेल."

"मीठ घालून झाड?"

तो हसला. "अगं, मी पहाटे बसला पळतो, परत येतो तेव्हा अंधार. तू तर आमच्या क्वालिटीवाल्यांपेक्षा कडक आहेस."

क्वालिटीवाला तो स्वतःच आहे. केसाएवढी चीर दिसली की माल परत पाठवतो, हे त्यानं पहिल्याच भेटीत सांगितलं होतं. त्याला दारातला नवा पत्रा दिसला नाही?

न्यायानं लिहायचं तर: पहाटे आणि रात्री खरंच अंधार असतो. आणि त्याच्या आईनं त्याच्या सुट्टीचा दिवस टाळला. लपवायचं माझ्यापासून होतं की त्याच्यापासून?

२२ जानेवारी, गुरुवार

आज वि. घरी. उजेडात. दिवसभर वाट बघितली. संध्याकाळी फोन आला. बस्ता कधी बांधायचा, पत्रिकेवर कुणाकुणाची नावं. खड्ड्याचा विषय त्यानं काढला नाही.

मीही काढला नाही. फोनवर माणसाचं तोंड दिसत नाही.

२४ जानेवारी

आप्पा झेंडू क्रेटमध्ये भरत होते. सरळ विचारलं, "गाडी दौंडला जाणारे?"

हात थांबला नाही. "तुझ्या नावावर हाय. लेकीला दिली त्याला हुंडा म्हणत्यात व्हय?"

"त्यांनी मागितली?"

"तोंड उघडून कोण मागतंय आता? बोलण्यात येतं. पोरगं रोज बसनं आदळत जातंय, कंबर दुखती, असं बोलण्यात आलं. आपण समजून घ्यायचं."

"कुणाच्या बोलण्यात?"

"त्यांच्या."

"त्यांच्या म्हणजे त्याच्या आईच्या का त्याच्या?"

"तू वकील हायेस का माझी पोरगी?" मग जरा वेळानं, क्रेटकडेच बघत, "भावकीत सगळ्यांनी दिल्या. म्या नारळावर भागवलं म्हणून उद्या तुला तिथं कुणी बोललं, तर मी काय करू?"

तिथून आत आले. आप्पांवर चिडता येत नव्हतं, म्हणून आणखी चिडले.

कंबर दुखते हे वि.नं मला सांगितलं होतं. मी घरात कुणाला सांगितलेलं नाही. त्याच्या आईला माहीत असणारच, ती सांगू शकते. त्यानंही सांगितलं असेल. दोन्हीपैकी एकच खरं, आणि माझं लग्न त्यावर आहे.

२७ जानेवारी

शोरूममधून फोन. उरलेली रक्कम शुक्रवारी भरायची. त्यानंतर काही बदलता येणार नाही.

आत्याला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "मनात मोडू नको. त्याला तोंडावर इचार. मग मोडायचं तर उघड मोड."

मी दौंडला येतेय हे वि.ला आधी कळवणार नाही. कळवलं तर त्याचं उत्तर तयार होईल. ही लबाडी आहे का? थोडी आहे. पण आप्पांना सांगितलं, कारण घरातून चोरून जाणं मला जमणार नाही. आप्पा म्हणाले, "गाडीसाठी माणूस घालवशील." मी म्हटलं, "माणूस कसा हाय तेच बघायला चाललेय."

ते उठून गेले. नको मात्र म्हणाले नाहीत. (म्हणाले नाहीत एवढंच. होकार दिला असं नाही.)

सकाळची एसटी, न्हावऱ्यावरून. त्याला त्या पत्र्याखाली घेऊन जायचं, त्याच्या आईसमोर, आणि विचारायचं, हे तुम्हाला कधीपासून माहीत आहे. दुसरं काही विचारायचं नाही. रडायचं नाही.

जायचा दिवस त्याच्या सुट्टीचा: गुरुवार, २९ जानेवारी.