नळीत ओतलेली बादली

करंजाडे, ता. ६ जानेवारी २०२५

चि. समृद्धी हिला आजोबांचे मनापासून आशीर्वाद.

फोनवर मला ऐकू येत नाही, म्हणून लिहितो. तुझ्या सरांची माणसे येऊन गेली. विहिरीभोवती सहा नळ्या गाडून त्यांत लोखंडाची काळी भुकटी आणि जंतूंचे पाणी सोडले. पलीकडच्या शेडमध्ये यंत्रांचे भाग धुतात, ते द्रावण मुरून आपली विहीर तीन वर्षे बंद आहे, आळीतली आठ घरे टँकरवर आहेत, हे मला कळते. पण घाण काढायला आणखी जंतू? तुझी आजी म्हणते, नात पीएचडी, तुमी चौथी, गप रावा. नळीतून कुजक्या अंड्यांसारखा वास येतो. जीव टांगणीला लागला आहे. लगेच लिही.

तुझा आजोबा,
काशिराम

पुणे, ता. १३ जानेवारी

ती. आजोबांना सा. न. वि. वि.

हे रोगाचे जंतू नव्हेत. आपण हवेवर जगतो, तसे हे त्या द्रावणावर जगतात. त्यातला क्लोरीन काढून टाकतात. हवा लागली की मरतात. लोखंड गंजताना पाण्यातली हवा संपवते आणि हायड्रोजन सोडते, तो त्यांचा खाऊ. वास आला म्हणजे नळीतली हवा संपली, हे चांगले लक्षण आहे. कृपा करून नळीत काही ओतू नका. चहात चोरून साखर ओतता, तेवढे पुरे.

तुमची,
समृद्धी

करंजाडे, ता. १८ जानेवारी

चि. समृद्धीस आशीर्वाद, तोंड लपवून.

तुझे पत्र गुरुवारी आले. बादली मी मंगळवारीच एका नळीत ओतली. चाळीस वर्षे ग्रामपंचायतीत विहिरींत ब्लीचिंग पावडर टाकायचे काम केले. पाण्याला वास आला की पावडर, हात आपोआप चालतो. तुझी आजी म्हणाली, घरात झुरळ मारवत नाय आणि तिथं लाखो मारलेत. घास उतरत नाही. आठ घरांचे पाणी मी घालवले का? सरांना माझेच नाव सांग, तुझ्यावर येऊ देऊ नकोस.

तुझा अपराधी,
काशिराम

पुणे, ता. २८ मार्च

ती. आजोबांना सा. न. वि. वि.

खात्रीचे काही कळेपर्यंत लिहायचे थांबले, रागावू नका. सरांनी आधी कपाळावर हात मारला, मग पावडर किती ते विचारले. त्या नळीतले जंतू मेले, हे खरे. पण लोखंडाने तुमचे ब्लीचिंगही गिळून टाकले. महिन्याभरात पाणी पुन्हा बिनहवेचे झाले, तेव्हा शेजारच्या नळीतले जंतू आणून सोडले. ते रुजले. काम दोन महिने लांबले, एवढेच. प्यायला अजून वर्ष तरी लागेल. आता पोटभर जेवा.

तुमची लाडकी,
समृद्धी

करंजाडे, ता. ९ नोव्हेंबर

चि. समृद्धीस अनेक आशीर्वाद.

तू पाठवलेल्या कागदावर विषाचा आकडा बराच घसरलेला पाहिला. आळीत सगळ्यांना दाखवला. काल ग्रामपंचायतीचा भगवान पावडरीचे पोते घेऊन आला. मी काठी घेऊन आडवा आलो. तो म्हणाला, काका, हे काम तुमीच शिकवलंत. मी म्हटले, शिकवलं, आता विसर. चहा पिऊन पोत्यासकट परत गेला. तुझी आजी म्हणते, कोंबड्यांना एवढं जपलं असतं तर मांजरानं एकबी नेली नसती.

यंदा थंडी लवकर पडली आहे. एवढ्याशा जिवांना ती बाधते का, ते उलट टपाली कळव.

माया आहे तशीच राहू दे.

तुझा आजोबा,
काशिराम