होडी उशिरा ऐकते

अम्मी, तुझे हात हळू झाले नव्हते. तू जाऊन नऊ वर्षं झाली आणि हे मी आत्ता लिहितेय. पण आधी तेवढं लिहून टाकते, कारण बाकीचं सांगताना मी इकडेतिकडे वळेन, स्वतःला सांभाळून घेईन, हे मला ठाऊक आहे. हात ठीक होते तुझे. चूक त्या नव्या टीव्हीची होती, आणि त्याहून जास्त माझी.

अब्बांनी कुवेतहून ते गेमचं मशीन आणलं तेव्हा मी सहावीत होते. तिथलं कुठलं तरी कुटुंब देश सोडून चाललं होतं, त्यांच्याकडून अब्बांनी ते विकत घेतलं, सोबत पाच कॅसेटी. मोहल्ल्यातल्या बाकीच्या घरांत बाजारातल्या कॅसेटी असत, वर हजार गेम लिहिलेले आणि आत तेच आठ फिरून फिरून. आपल्या ओरिजिनल होत्या, जड, एका कॅसेटीत एकच गेम. अब्बांनी बॅग उघडता उघडता सांगितलं होतं, "हे पोरीसाठी." पोरीला दोन महिन्यांत कंटाळा आला. तू मात्र स्वयंपाकघराच्या दारात, पिठाचे हात तसेच वर धरून, माझा खेळ बघत उभी राहायचीस. मग एक दिवस मी शाळेतून येतेय, जिना चढतेय, आणि वरून त्या होडीच्या गेमचं संगीत ऐकू येतंय. दार ढकललं तर तू सतरंजीवर मांडी घालून बसलेली, डोक्यावरची ओढणी खांद्यावर घसरलेली, जीभ दातांत धरलेली. माझ्याकडे न बघताच म्हणालीस, "थांब. भरती येतेय. आता बोलू नको."

त्या गेममध्ये एक छोटी लाल होडी होती. खडकांमधून माणसांना या बंदरातून त्या बंदरात न्यायचं. पाणी चढायचं, उतरायचं, आणि उतरलेल्या पाण्यात घाई केली की होडी खडकावर फुटायची. मी नेहमी घाई करायचे. तू उरणची, तुझे वडील मचव्यावर तांडेल होते, सुकाणू त्यांच्या हातात, तुला पाण्याची वाट बघता यायची. तू खडकाच्या अलीकडे होडी धरून ठेवायचीस, अंगठा बटणावर नुसता टेकलेला, आणि पाणी पुरेसं चढलं की एका झटक्यात पार. "पाण्याशी भांडायचा नाय," म्हणायचीस. "त्याला येऊ द्यायचा." माझ्यासमोर तू सहाव्या बंदरापर्यंत गेलीस. मी तिसरं कधी गाठलं नाही.

दुपारी जुहरची नमाज, जेवण, भांडी, आणि मग असरची अजान होईपर्यंत तुझा खेळ. शेजारच्या खालाने कडी वाजवली की तू खेळायचं बटणांचं यंत्र माझ्या हातात कोंबायचीस आणि मोठ्याने म्हणायचीस, "पुरे झाला आता, अभ्यासाला बस!" मी हसू दाबत मान खाली घालायचे. पुढे जे केलं त्याचं बीज तिथे होतं, हे लपवायचंच असतं असं मला तूच शिकवलंस, असं मी बरीच वर्षं मनात म्हणत आले. बघ, वळलेच मी. तू तुझी गंमत लपवत होतीस. मी तुलाच लपवायला निघाले होते. या दोन गोष्टी एक नाहीत.

एकदाच तू मला त्या मशीनवरून रागावलीस. कॅसेट नीट लागेना म्हणून मी ती काढून तोंडाने फुंकली, सगळी पोरं फुंकायची तशी. तू हातातून ओढून घेतलीस. "थुंकी जाते आत. गंज चढतो. कोणी एवढ्या लांबून आणलेली चीज अशी वापरतात?" मग काडीला कापूस गुंडाळून, स्पिरिटचा एक थेंब लावून, त्या पितळी पट्ट्या एकेक करून पुसल्यास. अब्बा वर्षातून एक महिना घरी असत. उरलेल्या अकरा महिन्यांत तू त्या पाच कॅसेटी जशा जपल्यास, ते मी तेव्हा नुसतं टापटिपीत मोडलं.

अब्बा गेले तेव्हा मी कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला होते. इद्दतीचे चार महिने दहा दिवस तू मशीनला हात लावला नाहीस, त्यावर टाकलेलं कापडही हलवलं नाहीस. दिवस पुरे झाले, त्याच्या दुसऱ्या दुपारी मी आतल्या खोलीत होते आणि मला संगीत ऐकू आलं. दाराच्या फटीतून तुझी पाठ दिसली. होडी पहिल्याच खडकाशी थांबलेली, पाणी चढून गेलेलं, पुन्हा उतरायला लागलेलं, आणि तू बटण दाबत नव्हतीस. मी बाहेर आले नाही. असरची अजान झाली तशी तू मशीन बंद केलंस आणि तोंड धुतलंस.

मग मला नोकरी लागली, कळंबोलीत, न्हावा शेव्याला येणाऱ्या मालाचे कागद कॉम्प्युटरवर भरायची. लग्न ठरत आलं. मुलाकडचे घर बघायला येणार होते. मुलाची आई शिक्षिका, शिकलेलं घर. मी त्यांच्या डोळ्यांनी आपला हॉल बघायला लागले आणि मला नको त्या गोष्टी दिसायला लागल्या. पोपडे दिसले, रंग लावून घेतला. डबा टीव्ही दिसला, भंगारात दिला, भिंतीवर एलसीडी लावला. त्याखाली ते पिवळं पडलेलं मशीन, पाच कॅसेटी, आणि पन्नाशीची एक विधवा बाई रोज दुपारी तिथे बसते. त्यांना कोणी सांगितलं तर? खालाला एव्हाना सगळं माहीत होतं. टपाल नाक्याजवळ मोबाईल दुरुस्तीचं एक दुकान होतं. तिथला माणूस जुन्या कॅसेटी घ्यायचा, पुण्याचा कोणी शौकीन त्याच्याकडून ओरिजिनल उचलायचा. तू उरणला मामांकडे गेली होतीस. मी सगळं पिशवीत भरून त्याला दिलं आणि त्याच्याचकडून एक नवं छोटं मशीन आणलं. त्यावर तोच होडीचा गेम इंटरनेटवरून उतरवून घेता येत होता. तोच म्हणजे अगदी तोच, रंग फक्त जास्त स्वच्छ. मला वाटलं, मी दोन्ही बाजू सांभाळल्या. मशीन एवढंसं, टीव्हीमागे दिसणारही नाही, आणि तुझा खेळ चालू.

तू परत आलीस आणि रिकामी जागा बघितलीस. "कॅसेटी कुठे?"

"खराब झाल्या, अम्मी. आतून गंजल्या होत्या. दाखवल्या दुकानात, तो म्हणाला काही होणार नाही."

गंज म्हणाले मी. इतक्या वर्षांत ज्याला तू एकदाही शिरकाव करू दिला नाहीस, त्याचंच नाव घेतलं. तू रिकाम्या जागेवरून बोट फिरवलंस. मग म्हणालीस, "पाचही?"

"पाचही."

मी घाईघाईने नवं मशीन लावून दिलं. होडी आली, संगीत आलं, तुझ्या चेहऱ्यावर क्षणभर बरं वाटलेलं दिसलं. तू पहिल्या खडकाशी थांबलीस, पाणी चढलं, तू निघालीस आणि होडी फुटली. पुन्हा फुटली. मी तुला दाखवलं की यात मागे जायचं बटण आहे, फुटायच्या आधीच्या क्षणावर परत जाता येतं. तू मान हलवलीस. "फुटली की फुटली. दर्या कधी मागे जाऊ देतो काय?" पुन्हा पहिल्यापासून सुरू केलंस. तिसऱ्यांदा, चौथ्यांदा, पहिल्याच खडकावर. मग तू यंत्र मांडीवर ठेवलंस आणि म्हणालीस, "ही होडी माझा ऐकत नाय. ऐकते, पण उशिरा ऐकते."

मला ऑफिसला जायचं होतं. रंगाऱ्याचा उरलेल्या पैशांसाठी फोन येत होता. आणि खोटं बोलल्यावर माणूस चिडतो तशी मी चिडलेली होते. म्हणाले, "गेम तोच आहे, अम्मी. होडी नाही उशिरा ऐकत. तुझे हात हळू झालेत आता."

तू हात उलटेपालटे करून बघितलेस. भांडली असतीस तर बरं झालं असतं. "असेल," म्हणालीस. "तू बोलतेस म्हंजे असेल. तू कॉम्प्युटरवाली."

त्यानंतर तू त्या मशीनला हात लावला नाहीस. मी विचारलं तर, "छान हाय, बघेन नंतर." पण तेवढ्यावर ते थांबलं नाही आणि तेच मला आता छळतं. महिन्याभरात तू कोळंबी सोलायला खालाच्या सुनेला बोलवायला लागलीस. तू, जिची अर्धी टोपली सोलून व्हायची तोवर आमचा चहा संपायचा नाही. तांदळाची भाकरी हातावर थापायची सोडलीस, पोळपाटावर लाटायला लागलीस. माझ्या लग्नाच्या कपड्यांना टिकल्या तू लावणार होतीस, ते काम बाहेर दिलंस. "आता हात चालत नाय पहिल्यासारखे," असं येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायचीस, जरा हसून. मी ऐकायचे आणि मनात म्हणायचे, बघ, बरोबरच होतं माझं. मुलाकडचे आले त्या दिवशी माझ्या सासूबाईंनी तुला आपुलकीने विचारलं, "दिवसभर एकट्या असता, मन कशात रमवता?" तू ओढणी सारखी केलीस. "काय नाय. घरचाच काम." मला तेव्हा हायसं वाटलं. तेही लिहून ठेवते. हायसं वाटलं.

लग्नानंतर दोन वर्षांनी तू गेलीस. झोपेत, कोणाला त्रास न देता, असं सगळे म्हणाले. घर आवरताना टीव्हीमागे ते नवं मशीन निघालं, धुळीने भरलेलं. मी ते माझ्या घरी नेलं. माझी मुलगी आता त्यावर खेळते. मीही कधीकधी खेळते. मला त्यात उशीर कधी जाणवला नाही.

मागच्या महिन्यात फोनची काच फुटली म्हणून मी त्याच दुकानात गेले. दुकानदार म्हातारा झालाय, पण त्याने ओळखलं. "तुम्ही ओरिजिनल कॅसेटी दिल्या होत्या ना मॅडम? एक अजून आहे माझ्याकडे. लेबल फाटलेलं म्हणून पुणेवाल्याने घेतली नाही." काच बसेपर्यंत बोलायचं म्हणून मी सहज म्हणाले, आमच्या अम्मी खेळायच्या, पण नव्यावर त्यांना जमलंच नाही, वय झालं होतं.

"वय कशाला, मॅडम," तो हातातलं काम न थांबवता म्हणाला. "एलसीडीवर उशीर होतोच. चित्र आधी टीव्हीच्या आत फिरतं, मग दिसतं. त्यात नवा गेम म्हणजे जुन्याची नक्कल, तिचा थोडा वेळ आणखी. एवढासा असतो." त्याने चुटकी वाजवली. "तुम्हा-आम्हाला कळत नाही. रोज खेळणाऱ्याला पहिल्या मिनिटात कळतं. माझ्याकडे कितीतरी जण यायचे हीच तक्रार घेऊन. टीव्हीच्या सेटिंगमध्ये गेम मोड असतो, तेवढा चालू केला की बराच फरक पडतो. तुम्ही तेव्हा विचारलं असतं तर मी सांगितलं असतं."

त्याने मान वर करून माझ्याकडे बघितलं. मग उठून कोपऱ्यातल्या डबा टीव्हीला एक जुनं मशीन जोडलं आणि ती कॅसेट लावली. तीच लाल होडी. मी उभ्यानेच यंत्र हातात घेतलं. अम्मी, अंगठा टेकवायचा अवकाश, होडी निघते. मधे काही नाहीच. मी पहिल्या खडकाशी थांबले, तुझ्यासारखं पाणी येऊ दिलं आणि पार झाले. आयुष्यात पहिल्यांदा मी तिसऱ्या बंदरात पोचले. दुकानात दोन गिऱ्हाइकं उभी होती. त्यांच्यासमोर माझे डोळे वाहत होते आणि मला यंत्र खाली ठेवता येत नव्हतं.

त्याने कॅसेट काढून माझ्यासमोर धरली. "घेऊन जा. टीव्ही पण घेऊन जा, इथे जागाच अडते. अम्मींची आठवण आहे." मी म्हणाले, आमच्या घरात एवढा मोठा टीव्ही मावणार नाही, राहू दे. फोन घेतला आणि निघाले.

हे मी ऑफिसच्या वहीत लिहितेय, जेवणाच्या सुट्टीत. कबरस्तान इथून रिक्षाने दहा मिनिटांवर आहे. आपल्यात बायका आत जात नाहीत. फाटकापाशी उभं राहता येतं, पण तिथे उभी राहून हे वाचणारी मी नाही. पानं फाडून ड्रॉवरमध्ये ठेवीन. टीव्ही मावला असता, अम्मी. मुलीच्या खोलीत खिडकीखाली चांगली जागा आहे. पण टीव्ही आला, नानीची कॅसेट आली की ती विचारणार, नानी कुठपर्यंत जायची? सहाव्या बंदरापर्यंत, हे मी आनंदाने सांगेन. ती लगेच पुढचं विचारेल, मग नानीने खेळणं का सोडलं? तिला काय सांगायचं हे मला ठरवता आलं नाही, म्हणून मी ती कॅसेट तिथेच ठेवून आले.