जर्मनचं पातेलं

मास्तर, आयुष्यभर मी उभ्यानं बोललो. तुमच्याशी बोलायला मात्र बसलो आहे. तुम्हाला जाऊन इतका काळ लोटला की कराडात तुमचा मूर्तींचा कारखाना कुठं होता, हे सांगायला आता एखादं जुनं माणूस शोधावं लागतं. साठ सालानंतरची काही वर्षं मी तिथं दिवसा कानस चालवली आणि संध्याकाळी सभा गाजवल्या. ओतून निघालेल्या पितळेचा खडबडीतपणा घासून काढणं हे माझं काम. सभेत माझा घसा बसला की दुसऱ्या दिवशी तुम्ही म्हणायचात, "आज बरं हाय गड्या. कानस तेवढी बोलू दे." तुमच्या माठातलं पाणी मी माझ्या हातानं घ्यायचो आणि त्यात काही विशेष आहे असं तुम्ही कधी भासू दिलं नाहीत. म्हणूनच त्या दिवशी मला तुमचा इतका राग आला.

वडूजकडच्या एका गावातली आमची माणसं आली होती. दीक्षा घेऊन काही वर्षं झालेली, विहाराच्या भिंती उभ्या राहिलेल्या, आता बुद्धमूर्ती हवी होती. पितळ विकत आणायचं नाही, प्रत्येक घरानं एक भांडं द्यायचं, असं गावानं ठरवलेलं. कुणाचा तांब्या, कुणाची परात, कुणाची बूड गेलेली घागर. अंगणात ढीग वाढतो आहे आणि तुम्ही एकेक भांडं वाजवून बघता आहात. शेवटी एक म्हातारी पुढं येते, पदराखालून जर्मनचं, म्हणजे ॲल्युमिनियमचं, काळं पडलेलं पातेलं काढून तुमच्यापुढं ठेवते. तिच्या घरात पितळ कधी आलंच नव्हतं. तुम्ही वरही न बघता "जर्मन चालत न्हाई" म्हणता आणि पातेलं पायानं बाजूला सारता.

म्हातारीनं वाकून पातेलं उचललं. "आमच्या भांड्याला आजून इटाळ हाय म्हणायचा," असं स्वतःशीच म्हणत ती फाटकाकडं चालू लागली. मी कानस खाली ठेवली. त्यानंतर मी जे बोललो ते माझ्या कुठल्याही भाषणापेक्षा चांगलं होतं, असं मला आजही वाटतं. पायानं बोललेलं आम्हाला पिढ्यान्‌पिढ्या समजतं, तोंडानं सांगावं लागत नाही, असं काहीसं. त्यातला एक शब्दही मी मागं घेत नाही.

तुम्ही सगळं ऐकून घेतलंत. "झालं? आता सर बाजूला, म्हातारी चालली." आणि फाटकाशी जाऊन तिच्यासमोर उभे राहिलात. "आवं आजी, पाय लावला, चुकलं माझं. पण पितळेत जर्मन गेलं तर मूर्ती बिघडंल, ह्ये बी खरं हाय."

"मग माझं काय जायाचं तिच्यात?"

तुम्ही ते पातेलं तिच्या हातातून घेतलंत. मग तिला ओसरीवर बसवून सांगितलंत, की मूर्ती आधी मेणाची घडवायची असते. तिच्यावर मातीचा साचा, साचा भाजला की मेण वितळून जातं आणि त्याच जागेत पितळ उतरतं. "ते मेण तुमच्या पातेल्यात पातळ करतो. नाक, डोळं, बोटं, समदं आदी त्यातनंच निघंल."

"आन तवर भात कशात शिजवू?"

तुम्ही आत गेलात आणि स्वयंपाकघरातलं कल्हई केलेलं पितळेचं पातेलं आणून तिच्या हातात दिलंत. तिनं ते वाजवून बघितलं, अगदी तुमच्यासारखं. "मग ह्येच टाका की ढिगात."

"टाकलं असतं. पर बायको मला भट्टीत टाकंल."

पहिल्यांदा म्हातारी हसली, मग सगळं अंगण. त्याच दुपारी चुलीवर तिचं पातेलं चढलं, मेणाचा आणि राळेचा वास सुटला, आणि तुम्ही पहिला चेहरा घडवायला घेतलात तो तिला समोर बसवून.

मास्तर, अपमान झाला की काय बोलायचं ते मला तेव्हाही येत होतं. पुढं त्यावरच मी तालुकेच्या तालुके पेटवले. पण एखादा माणूस सगळ्यांदेखत आपली चूक सुधारतो, तेव्हा काय बोलायचं हे मी वाचलेल्या एवढ्या पुस्तकांतून मला काही सापडलं नाही. त्या संध्याकाळी सायकल काढताना मी नुसतं "येतो" म्हणालो, आणि तेवढ्यावरून तुम्हाला सगळं कळलं असेल असं धरून चाललो. कळलं होतं का, याची मला खात्री नाही.