उशाशी कटर

६ जानेवारी
आले एकदाची संभाजीनगरात! खुलताबादहून तास-दीड तासाची वाट, पण आईनं विलायतेला धाडल्यासारखी बांधाबांध केली. शेंगदाण्याची चटणी, भाकरी, लोणचं, सगळं पिशवीत. वाळूज रोडवरचा हा छोटा दवाखाना अतुल सरांचा, मी त्यांच्या हाताखालची नवी डॉक्टर. जबडा, गाल, नाक, कुठलंबी तोंडाचं हाड मोडलं की लोक इथंच आणतात. वर सरांचं घर, त्याला लागून माझी खोली. सर म्हणाले, निशा, स्वतःला घरचीच समज. त्यांच्या बायकोनं, संध्यावहिनींनी, चहा दिला, पण एक शब्द बोलल्या नाहीत. बाई माणूसघाण्या असाव्यात.

९ जानेवारी
लई काम, लई मजा. कंपनीची शिफ्ट सुटली की बाईकवाले येतात. हेल्मेट टाकीवर आणि तोंड डांबरावर! हनुवटीवर आपटला की जबडा कानापाशी मोडतो. बुक्की बसली की बहुतेक जबड्याचा डावा कोन जातो, कारण मारणारे उजव्या हाताचे. पेशंटनं कितीबी थापा मारल्या तरी एक्स-रेचा फोटो बघून मला कळतं.

सरांचा हात म्हणजे सोनं. मोडल्या हाडावर धातूची पट्टी, स्क्रू बसवून वरचे-खालचे दात तारेनं आवळतात. मग काही आठवडे तोंड बंद, नळीनं पातळ डाळ. वॉर्डातल्या सारजाबाई मावशींनी पहिल्याच दिवशी बजावलं: तार बांधलेल्याच्या उशाशी, खिळ्याला, कटर पाहिजे म्हणजे पाहिजे. ओकारी आली की तार कापायची, नायतर माणूस जागच्या जागी गुदमरतो.

१६ जानेवारी
वहिनींची दाढ ठणकत होती. सर पुण्याला गेलेले, म्हणून मी बघितली. जबड्यावरून बोट फिरवलं तर कातडीखाली पट्टी लागली. डावा कोन. गालाच्या हाडावर आणखी एक. विचारलं तर बाथरूममध्ये पडले म्हणाल्या. दोन्ही वेळा! बाथरूम आहे का आखाडा? मी तोंडावरच सांगितलं, वहिनी, पोलिसात चला, मी साक्ष देते. त्यांनी माझा हात असा आवळला की त्यांची बांगडी वाढली.

१७ जानेवारी
मावशींना सांगितलं. त्या म्हणाल्या, डोळं मिटून काम करा, नायतर गावाकडची एस.टी. धरा. मग हळूच म्हणाल्या, तुमच्या आधीची डॉक्टरीणबाईपण जिन्यावरून पडली होती. म्हणजे सगळ्यांना ठाऊक! सगळे गप्प! अस्सा संताप आला.

१९ जानेवारी
सर परतले. जेवताना हसून म्हणाले, माझ्या बायकोची दाढ तपासलीस म्हणे. वहिनींनीच सांगितलं असणार. मग मीबी मागंपुढं बघितलं नाही. म्हटलं, सर, एक दिवस हर्सूलच्या जेलात जाल. वहिनींच्या हातातली वाटी पडली. सर पाणी प्यायले, उठले, हात धुतले आणि उजव्या हाताची बोटं रुमालानं नीट कोरडी केली.

२३ जानेवारी
बोलता येत नाही. दातांना तार. डावा कोन.

मी जिन्यावरून पडले असं सरांनी सगळ्यांना सांगितलंय. अण्णा येऊन गेले, तेव्हा मी इंजेक्शनच्या गुंगीत. फुकटात ऑपरेशन केलं म्हणून त्यांनी सरांपुढं हात जोडले. माझ्या बापानं, त्या माणसापुढं! मोबाईल सरांनी जपून ठेवलाय म्हणे. डायरी गादीखाली होती म्हणून राहिली.

२४ जानेवारी
मावशींना सुट्टी दिलीय. खोलीत मी एकटीच. नळीनं दूध सरांनी स्वतः पाजलं. गोड होतं, मागून कडवट —

उशाशी खिळा आहे. कटर नाही.

दुपार
मळमळतंय. नाकानं श्वास — हळू, हळू. उठले तर भोवळ. दाराला बाहेरून कडी —

कडी निघाली. वहिनी! पदराआडून कटर काढलाय. उशाशी उभ्यात. रडतायत. मी हात पुढं केला —

सरांनी जिन्यातून हाक मारली.

वहिनींनी कटर परत पदराआड घेतला — निघाल्या — अहो वहिनी, घशाशी आलंय — कडी लावतायत — वहि